परदेशी संशोधन संस्था आणि कोल्हापूरची शेती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमुक देशाच्या संस्थेशी करार झाला, तमुक विद्यापीठाचं शिष्टमंडळ येऊन गेलं, अशा बातम्या आपण वाचतो. पण त्यातून शिरोळच्या क्षारपड रानाला, राधानगरीच्या भाताला किंवा करवीरातल्या गुऱ्हाळाला काय मिळतं, हे कुणी नीट सांगत नाही. शेतकरी, कृषीचे विद्यार्थी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. जिथं माझं मत आहे, तिथं ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

हे सहकार्य नेमकं कुणाकुणात होतं?

आपल्या बाजूला दोन पायऱ्या आहेत. वर भारतीय कृषी अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएआर. ती १९२९ ची. खाली राज्याची कृषी विद्यापीठं. आपलं विद्यापीठ राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, १९६८ सालचं. कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय, प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र, शेंडा पार्कातलं विभागीय केंद्र आणि राधानगरीचं भात संशोधनाचं काम हे सगळं राहुरीच्याच छत्राखाली येतं. फलटणकडचं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तर विद्यापीठाच्याही आधीचं, १९३२ चं.

पलीकडच्या बाजूला सीजीआयएआर नावाचं आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थांचं जाळं आहे. ते १९७१ मध्ये उभं राहिलं. भातासाठी फिलिपाइन्समधली इरी, गहू-मक्यासाठी मेक्सिकोतली सिमिट, बटाट्यासाठी पेरूतली संस्था, पाण्यासाठी कोलंबोतली संस्था आणि आपल्या शेजारच्या हैदराबादजवळची इक्रिसॅट या सगळ्या त्यातल्याच. त्याशिवाय दोन सरकारांमध्ये थेट करार होतात, उदाहरणार्थ इस्रायल किंवा नेदरलँड्सशी. विद्यापीठं आपापसात करतात ते सामंजस्य करार वेगळेच.

परदेशी संस्था सहसा थेट तुमच्या बांधावर येत नाही. ती दिल्ली, कोइमतूर, कर्नाल किंवा राहुरीमार्फत येते. त्यामुळं इथला प्रश्न बाहेर पोचवायचा असेल तर रस्ताही तोच आहे.

शाश्वत शेती म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?

नाही. सेंद्रिय शेती हा त्यातला एक मार्ग. शाश्वत म्हणजे आज जे पीक काढतो ते काढताना उद्याची जमीन, पाणी आणि शेतकऱ्याचा हिशेब शिल्लक राहिला पाहिजे. कोल्हापुरात याचा अर्थ तालुक्यागणिक बदलतो. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एकीकडं माती वाहून जाते, दुसरीकडं मीठ वर येतं. त्यामुळं ‘कोल्हापूरसाठी एकच शिफारस’ असं कुणी सांगू लागलं तर सावध राहा, मग सांगणारा देशी असो की परदेशी.

आपल्या उसाचा आणि परदेशी संशोधनाचा काय संबंध? ऊस तर आपलाच आहे.

तुमच्या रानातला को ८६०३२ असो की फुले २६५, दोन्हींच्या रक्तात समुद्रापलीकडचा ऊस आहे. मळ्यात चघळायला लागायचा तो जाड, मऊ, गोड ऊस मुळात न्यू गिनीकडचा. तो गोड खरा, पण नाजूक. १८८० च्या दशकात जावा बेटावर सेरेह नावाच्या रोगानं अशा उसाचे मळे बसवले. तेव्हा तिथल्या डच संशोधकांनी गोड उसाचा रानटी उसाशी संकर करायला सुरुवात केली. हाच विचार आपल्याकडं कोइमतूरला झाला. १९१२ मध्ये तिथं ऊस प्रजनन केंद्र सुरू झालं आणि बार्बर व वेंकटरमण यांनी भारतातल्या रानटी उसाशी, म्हणजे नदीकाठी वाढणाऱ्या बारीक, चिवट गवताशी, गोड उसाचा संकर केला. १९१८ मध्ये को २०५ लागवडीसाठी आला. पुढे कोइमतूरनं जावाचे संकरही वापरले, आणि जावाच्या पासुरुआन केंद्राचा पीओजे २८७८ जगभर पसरला.

को म्हणजे कोइमतूर. को ७४० नं पश्चिम महाराष्ट्रात वर्षानुवर्षं राज्य केलं, तो पाडेगावनं निवडून काढलेला. आजही पद्धत बरीचशी तीच आहे. संकर कोइमतूरला होतो, कारण तिथं उसाला तुरा चांगला येतो. तिथलं बी राज्याच्या केंद्रांवर येतं आणि आपल्या मातीत कोणता वाण टिकतो हे इथं ठरतं. को एम ०२६५, म्हणजे आपला फुले २६५, असाच घडला.

या सगळ्याचा पाया म्हणजे संग्रह. जगभरातले ऊस आणि त्याचे रानटी भाऊबंद जपणारे दोन मोठे जागतिक संग्रह आहेत. एक अमेरिकेत मायामीला आणि दुसरा केरळात कण्णूरला. पोक्का बोइंग या शेंड्याच्या रोगाला किंवा तांबेऱ्याला दाद न देणारा वाण पुढच्या पिढीला हवा असेल, तर त्याचं बीज बहुधा यातल्याच एखाद्या वाफ्यात आत्ता उभं आहे. कण्णूरच्या संग्रहाला निधी कमी पडला तर त्याची झळ कोल्हापूरला लागेल, हे इथल्या कारखान्यांच्या संचालकांनी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे आपण नुसतं घेतच आलो का?

अजिबात नाही. को २८१ आणि को २९० हे कोइमतूरचे ऊस अमेरिकेतल्या लुइझियानात लागले. त्याहून मोठी गोष्ट एनको ३१० ची. को ४२१ आणि को ३१२ यांचा संकर कोइमतूरला झाला, त्याचं बी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गेलं, निवड तिथं झाली आणि तो ऊस तैवानपासून टेक्सासपर्यंत पोचला. सहकार्याच्या टेबलाला बसताना आपण याचक म्हणून बसायचं कारण नाही.

नवा वाण यायला बारा-पंधरा वर्षं का लागतात? तेवढ्यात तर को ८६०३२ थकला.

उसाची अनुवंशिक रचना फार गुंतागुंतीची आहे. माणसाला ४६ गुणसूत्रं असतात, तर रियुनियन बेटावरच्या आर ५७० या उसाला ११४. संकरातून आलेल्या हजारो रोपांपैकी एखादंच कामाचं निघतं. ते आधी लागण म्हणून, मग खोडवा म्हणून, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक म्हणून, वेगवेगळ्या मातीत पाहावं लागतं.

याच आर ५७० चा जनुकीय आराखडा २०२४ मध्ये फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केला. त्यामुळं तांबेऱ्याला प्रतिकार करणारं जनुक कुठं आहे हे नेमकं पाहता येतं. उद्या सकाळी नवा वाण हातात येणार नाही, पण निवड अंधारात करावी लागणार नाही. एकट्या कुठल्याही देशाला हे काम झेपलं नसतं.

सोयाबीन कुठून आलं?

मध्य भारतातल्या आजच्या सोयाबीनची सुरुवात १९६० च्या दशकातली. अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ आणि आपली पंतनगर व जबलपूरची विद्यापीठं यांनी ते काम केलं. पहिले वाण अमेरिकन होते. मग जबलपूरनं स्वतःचे काढले, त्यातला जेएस ३३५ हातकणंगले-कागलच्या रानात कुणाला माहीत नाही? आता सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या केंद्राचा केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, लोक आवडीनं पेरतात. उसना वाण, मग आपला वाण, मग आपल्या खोऱ्याचा वाण. सहकार्य फळाला आलं म्हणजे असं दिसतं.

शिरोळची क्षारपड जमीन सुधारायला परदेशी ज्ञान खरंच उपयोगी पडलं का?

हो. पण अर्धंच. आणि उरलेला अर्धा भाग आपल्या हातात आहे.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनी भारी, निचरा मंद. उपसा योजना झाल्या, बारमाही ऊस आला, पाटानं मोकळं पाणी सुटलं. जादाचं पाणी खाली साठलं, भूजल वर आलं, आणि उन्हानं पाणी उडून गेल्यावर मीठ वर राहिलं. पांढरट थर, विरळ उगवण आणि शेवटी पड. हे चित्र शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत सगळ्यांनी पाहिलं आहे.

यावरचा उपाय म्हणजे जमिनीखालचा निचरा. साधारण एक ते दीड मीटर खोलीवर भोकं पाडलेले, वेटोळ्या खाचांचे पीव्हीसी पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून टाकायचे, ते मोठ्या वाहिनीला जोडायचे आणि खारं पाणी नाल्याकडं काढून द्यायचं. मग पावसाच्या किंवा गोड्या पाण्यानं मीठ धुऊन खाली जातं. समुद्राशी झगडून जमीन मिळवणाऱ्या नेदरलँड्सचा यात हातखंडा. हरियाणातल्या कर्नालला केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था १९६९ पासून आहे. तिनं डच तज्ज्ञांबरोबर हरियाणाच्या रानात हे तंत्र तपासलं. १९९० च्या दशकात त्याच सहकार्यातून आंध्र, कर्नाटक, गुजरात आणि राजस्थानच्या कृषी विद्यापीठांना जोडून कालव्यांच्या लाभक्षेत्रात प्रयोग झाले. कर्नाटकात काम करणारं धारवाडचं विद्यापीठ आपल्याला हाकेच्या अंतरावर.

हरियाणाची माती हलकी, आपली भारी. म्हणून तिथलं पाइपातलं अंतर आणि खोली इथं जशीच्या तशी चालत नाही. काळ्या मातीत पाणी पाइपापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. जमीन नुसती खारी आहे की चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, हेही आधी तपासावं लागतं. चोपण असेल तर जिप्सम घातल्याशिवाय पाइप टाकून उपयोग नाही. हे मोजून, चुकत-दुरुस्त करत शिकायचं काम इथंच करावं लागलं.

दुसरी गोष्ट माणसांची. एका शेतकऱ्यानं पाच एकरात पाइप टाकले आणि खालच्या गटातून पाणी जाऊ दिलं नाही, तर पैसे मातीत. निचरा हे शिवाराचं काम आहे. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन शेतकऱ्यांना एकत्र केलं म्हणून तिथं मोठ्या क्षेत्रावर काम उभं राहिलं. डच तंत्राला इथं पाय फुटले ते सहकारामुळं, हे मी ठामपणे म्हणेन.

आणि अजून न सुटलेला भाग असा: निचऱ्याचं खारं पाणी शेवटी नदीत जातं, खालच्या गावांना तेच येतं. वर पाटानं पाणी सोडणं तसंच राहिलं तर धुतलेली जमीन पुन्हा खारावते. या दोन्हींवर नवं सहकार्य हवं, आणि ते मागताना आपल्याकडं पाण्याच्या क्षारतेच्या वर्षावर्षाच्या नोंदी हव्यात. नोंदी असतील तर परदेशी संस्था आपल्या दारात येईल.

एक डोळा रोपांची लागण हीसुद्धा बाहेरून आली का?

काही अंशी. २००९ मध्ये इक्रिसॅट आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्ग संवर्धन संस्था यांच्या संयुक्त प्रकल्पातून शाश्वत ऊस उपक्रमाची हस्तपुस्तिका निघाली. मूळ प्रेरणा मादागास्करमधल्या भात लागवडीच्या पद्धतीची: कमी रोपं, कोवळी रोपं, जादा अंतर, बेताचं पाणी. उसात त्याचं रूप म्हणजे एका डोळ्याची रोपं, पाच फुटांची सरी, पाचटाचं आच्छादन आणि आंतरपीक. हस्तपुस्तिकेच्या हिशेबानं एकरी ४८ हजार डोळ्यांऐवजी ५ हजार डोळे पुरतात.

आज गावोगावी रोपवाटिका आहेत, म्हणजे पद्धतीतला एक भाग चांगलाच रुजला. पण आपण रोप उचललं आणि बाकीचं मागं ठेवलं. सरी पुष्कळ ठिकाणी अजून अरुंदच आहे, पाचट पेटवलं जातं आणि पाणी पूर्वीसारखंच. पाचट जाळायचं नाही ही शिफारस आपल्या विद्यापीठाचीही आहे. खोडव्यात ते सरीत दाबून, वर युरिया-सुपर आणि कुजवणारे जिवाणू टाकले तर जमिनीत कर्ब वाढतो, ओल टिकते आणि तण दबतं. एवढं एक केलं तरी पुष्कळ झालं. त्यासाठी कुठल्याही कराराची वाट पाहायला नको.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पिकं कुजली. पुरात टिकणारं पीक शोधलं आहे का?

भातात शोधलं आहे, आणि त्याचं मूळ आपल्याच देशात आहे. ओडिशातला एफआर १३ ए हा जुना वाण पाण्याखाली दम धरून राहतो. त्यातलं सब १ नावाचं जनुक फिलिपाइन्सची इरी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. ते आंध्रातल्या मारुटेरूच्या लोकप्रिय स्वर्णा वाणात उतरवलं. २००९ मध्ये स्वर्णा सब १ भारतात प्रसारित झाला. रोप पूर्ण बुडालं तरी दोन आठवड्यांच्या आसपास तग धरतं आणि पाणी ओसरल्यावर फुटतं.

स्वर्णा सब १ इथं आणून लावा, असं मी म्हणत नाही. तो पूर्वेकडच्या सखल भातखाचरांसाठी आहे. मुद्दा असा की ते जनुक आता दुसऱ्या वाणातही घालता येतं. पंचगंगेकाठच्या भातासाठी तशी मागणी करायची तर ती राधानगरीच्या केंद्रातून आणि राहुरीमार्फत जाईल. इरीचं दक्षिण आशिया केंद्र २०१८ पासून वाराणसीत आहे.

उसाला मात्र हे जनुक लागू नाही. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस तगतो. शेंड्यात गाळ-पाणी गेलं की वाढ थांबते आणि डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात. पुरात कोणता वाण किती दिवस टिकला, याची गावनिहाय माहिती आपल्या शेतकऱ्यांच्या डोक्यात आहे. ती कागदावर यायला हवी. ऊस पिकवणाऱ्या इतर देशांनाही तिची गरज आहे.

कीड आली की परदेशातून मित्रकीटक आणतात, हे खरं का?

कधी कधी, आणि फार काळजीपूर्वक. २००८ मध्ये कोइमतूरकडं पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला. तो मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. इथं त्याचा शत्रूच नव्हता, म्हणून फवारण्या करूनही आवरेना. २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं पोर्तो रिकोतून तीन परजीवी कीटक दिले, बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं ते विलगीकरणात तपासले, वाढवले आणि सोडले. त्यातल्या ॲसिरोफॅगस पपायी या इवल्या गांधीलमाशीनं काम फत्ते केलं.

आपल्या उसावर २००२ मध्ये लोकरी मावा आला, तो सांगली जिल्ह्यात प्रथम दिसला. तेव्हा परदेशात जावं लागलं नाही. डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक इथंच होते, एन्कार्शिया हा आणखी एक ईशान्य भारतातून आला. ज्यांनी तेव्हा विषारी फवारण्या केल्या नाहीत त्यांच्या रानात मित्रकीटक लवकर वाढले. शोध आधी आपल्या बांधावर, मग देशात, मग बाहेर असा क्रम असावा.

पाहुणे ब्राझीलहून आले, सोबत उसाची चार टिपरी आणली. लावावीत का?

कृपा करून लावू नका. बाहेरचं बेणं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि विलगीकरण लागतं. टिपऱ्यातून रोग येतो आणि तो दिसत नाही. एका माणसाच्या हौसेपायी सगळ्या खोऱ्याचं पीक धोक्यात जाऊ शकतं. आणलंच असेल तर जवळच्या संशोधन केंद्राला कळवा, ओढ्यात फेकू नका.

आमच्या आजरा घनसाळ भाताचं किंवा नाचणीचं जुनं बियाणं परदेशी संस्थेनं नेलं तर आमचा हक्क जातो का?

कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण तो वापरावा लागतो.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला इथलं जैविक साधन न्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. सरकारी निकषांत बसणाऱ्या संस्था-संस्थांमधल्या संयुक्त संशोधनाला त्यात वेगळी वाट आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावच्या नोंदवहीत घनसाळ आहे का, ते आधी बघा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायला, पेरायला, वाटायला आणि विकायलाही मुभा दिली आहे. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. पारंपरिक वाणाची नोंद शेतकऱ्यांना आपल्या नावानं करता येते.

आता एक गोष्ट, जी कोल्हापूरनं नीट समजून घेतली पाहिजे. बियाण्यांच्या देवाणघेवाणीचा जागतिक करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला. त्यात सोप्या, ठरलेल्या अटींवर वाटून घ्यायच्या ६४ पीक व चारावर्गांची यादी जोडली गेली. भात त्या यादीत आहे, नाचणी आहे, ज्वारी आहे. पण ऊस नाही, सोयाबीन नाही, भुईमूगही नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्याची तीन मोठी पिकं त्या यादीबाहेर राहिली. त्यांच्या वाणांची देवाणघेवाण दोन संस्थांच्या किंवा दोन देशांच्या वाटाघाटींवर अवलंबून राहते. त्यामुळं उसाच्या बाबतीत कोइमतूरचे जुने संबंध आणि कण्णूरचा संग्रह सोन्याच्या मोलाचे ठरतात.

परदेशी सहकार्य म्हणजे मागल्या दारानं जीएम, म्हणजे जनुकं बदललेली पिकं?

बहुतेक सहकार्याचा जीएमशी काही संबंध नसतो; निचरा, मित्रकीटक, रोपवाटिका यांत कुठं आलं जीएम? उसात इंडोनेशियानं २०१३ मध्ये दुष्काळ सोसणारा आणि ब्राझीलनं २०१७ मध्ये खोडकिडीला प्रतिकार करणारा जीएम ऊस मंजूर केला आहे. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी आहे ती फक्त बीटी कापसाला, २००२ पासून. चाचणीसाठीसुद्धा केंद्राच्या समितीची परवानगी लागते. तुमच्या रानात प्रयोग करणाऱ्याला हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

इस्रायलचं तंत्र, एआय वगैरे?

इस्रायलबरोबरच्या प्रकल्पातून महाराष्ट्रात दापोलीला आंबा, राहुरीला डाळिंब, नागपूरला संत्रा आणि छत्रपती संभाजीनगरला केसर आंब्याची गुणवत्ता केंद्रं झाली. रस्ता वाकडा करून एकदा बघण्यासारखी आहेत. उसात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांवर काम केलं आहे. पाणी आणि खत कधी द्यायचं याचा सल्ला मोबाइलवर येतो. माझं मत असं, की ज्यांच्या पाण्याची पाळी संस्थेच्या वेळापत्रकावर आणि विजेच्या वेळेवर ठरते त्यांनी आधी पाळी बदलून घ्यावी. आज पाणी नको असा सल्ला आला आणि पाळी आजचीच असेल, तर शेतकरी पाणी देणारच.

प्रकल्प संपला की सगळं बंद का पडतं?

कारण प्रकल्पाचं वर्ष आणि उसाचं वर्ष जुळत नाही. परदेशी निधीचे बरेच प्रकल्प तीन वर्षांचे. पहिले सहा महिने मंजुरी आणि नेमणुकांत जातात. आडसाली लागण जुलै-ऑगस्टला. ती हुकली की वर्ष गेलं. लागली तर तोड सोळा-अठरा महिन्यांनी, आणि त्यानंतर खोडवा वर्षाचा. म्हणजे एक लागण आणि एक खोडवा पाहीपर्यंत प्रकल्प संपलेला असतो. जमिनीतला कर्ब वाढला का, क्षार कमी झाले का, याचं उत्तर एवढ्यात मिळत नाही. संशोधक अहवाल लिहून जातात आणि शेतकऱ्याच्या हातात अर्धवट प्रयोग उरतो.

उसावर काम करायचं असेल तर किमान दोन लागणी आणि त्यांचे खोडवे बसतील एवढी मुदत मागायला हवी. हे आपल्या विद्यापीठानं करारावर सही करण्यापूर्वीच सांगितलं पाहिजे. नंतर सांगून उपयोग नाही.

आमच्या रानात चाचणी घेऊ म्हणतात. होकार देण्याआधी काय विचारावं?

नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, किती आणि कधी. निविष्ठा, म्हणजे बी-खत-औषधं, कोण देणार. माती-पाण्याच्या तपासणीचा अहवाल तुम्हाला मिळणार का, आणि मराठीत मिळणार का. तुमच्या गट नंबरची, उत्पादनाची, फोटोंची माहिती कुणाकडं जाणार. कार्बन क्रेडिटचा विषय निघाला तर मुदत किती वर्षांची आणि पैशांत तुमचा वाटा किती, हे आकड्यांत लिहून घ्या.

एक विनंतीही आहे. प्रयोगाशेजारी थोडं रान नेहमीच्या पद्धतीनं ठेवायला सांगतील, ते खरोखर ठेवा. पुष्कळजण चांगलं पीक दिसलं की त्या तुकड्यालाही तेच खत टाकतात आणि मग तुलनाच राहत नाही.

सुरुवात कुठून करायची? तळसंदे आणि कणेरी इथल्या कृषी विज्ञान केंद्रांतून, किंवा थेट ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन.

मुलीनं कृषी पदवी घेतली आहे. बाहेर शिकायला जायचं म्हणते.

जाऊ द्या. पीएच.डी.साठी आयसीएआरची नेताजी सुभाष आंतरराष्ट्रीय फेलोशिप आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. युरोपात इरॅस्मस मुंडसच्या संयुक्त पदव्या आहेत. अर्जात ‘मला शाश्वत शेतीची आवड आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘माझ्या गावच्या काळ्या जमिनीतला क्षारांचा निचरा’ असा नेमका प्रश्न लिहावा. निवड करणाऱ्यांना नेमका प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी हवा असतो.

कोल्हापूरनं स्वतःहून एक सहकार्य मागायचं ठरवलं, तर कोणतं मागावं?

माझं उत्तर तयार आहे: गुळाचं, आणि कोलंबियाशी.

गूळ बनवण्यात भारत जगात पहिला आणि कोलंबिया दुसरा. तिथल्या डोंगराळ गावांत आपल्यासारखीच गुऱ्हाळं आहेत, त्यांच्या गुळाला पानेला म्हणतात. त्यांचे प्रश्न ओळखीचे वाटतील. चुलवाणाला चिपाड पुरत नव्हतं म्हणून लाकूड आणि जुने टायर जाळले जायचे. १९८० च्या दशकात डच मदतीनं बार्बोसा गावात सिम्पा नावाचं गूळ संशोधन केंद्र उभं राहिलं. त्यांनी भट्टीच बदलली. एका ओळीत अनेक काहिली, म्हणजे रस आटवायच्या पसरट कढया, खालून जाणारा गरम धूर एकामागून एक प्रत्येकीला तापवत जातो, आणि जळणाची खोली अशी की ओलसर चिपाडही नीट पेटतं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी एका चुलवाणावर एकच काहील असते आणि उरलेली आच धुराड्यातून वर जाते.

रस साफ करण्यातही साम्य आहे. कोल्हापूरचं संशोधन केंद्र हायड्रॉस या रंग उजळणाऱ्या रसायनाऐवजी रानभेंडीच्या चिकट रसाची शिफारस करतं. कोलंबियात ग्वासिमो, बाल्सो, कादियो या झाडझुडपांच्या सालीचा असाच चिकट रस वापरतात, आणि ती सगळी भेंडीच्याच कुळातली. दोन खंडांतल्या गुळव्यांनी एकमेकांना न भेटता एकच कूळ निवडलं. कुठला रस कोणत्या तापमानाला किती घालावा, मळी किती निघते, रंग किती टिकतो, याची शेजारी शेजारी तुलना झाली तर दोघांचाही फायदा आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. रसायनाशिवाय तोच पिवळा रंग आणि तोच रवा देता आला तर गुऱ्हाळ बंद करायची वेळ आलेल्या माणसाला भाव मागता येईल.

यासाठी आधी आपली आकडेवारी हवी. या हंगामात दहा-बारा गुऱ्हाळांवर प्रत्येक आधणाला, म्हणजे काहिलीच्या प्रत्येक खेपेला, रस किती, चिपाड किती जळलं, त्यात ओल किती, धुराड्याचं तापमान किती आणि गूळ किती पडला, एवढं मोजून लिहायचं. तराजू, तापमापक आणि कृषी महाविद्यालयाचे चार विद्यार्थी एवढ्यावर हे काम होतं. गुळव्याच्या नावासकट, त्याच्या परवानगीनं. ती वही हातात आली की राहुरीमार्फत कोलंबियाच्या कृषी संशोधन संस्थेला, ॲग्रोसाव्हियाला, पत्र लिहिता येईल.